सात क्यूब, एक युब्लॉक: हातानं घालावं की टेम्प्लेटमधून?

मिरजेचे आमच्याच धंद्यातले एक स्नेही दिवाळीत क्यूब्स ओएसवर आले. महिनाभर रंगीत चौकटींचं कौतुक झालं आणि मग फोन आला, "प्रत्येक क्यूबमध्ये जाऊन एक्स्टेंशन घालत बसायचं का हो?" त्यांना जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो. नवख्यांसाठी आधी शब्द. क्यूब्समध्ये एकाच संगणकात एकमेकांपासून अलग असे छोटे संगणक चालतात; त्यातला प्रत्येक म्हणजे क्यूब, आणि त्याच्या खिडकीला त्याच्या रंगाची चौकट. टेम्प्लेट म्हणजे ज्यावरून क्यूबना सिस्टिम आणि प्रोग्राम मिळतात तो साचा. डिस्पोजेबल म्हणजे बंद केला की पुसला जाणारा क्यूब. एक्स्टेंशन म्हणजे ब्राउझरला जोडायची पुरवणी, आणि युब्लॉक हे जाहिराती आणि नको त्या स्क्रिप्ट अडवणारं एक्स्टेंशन.

माझं काम कर सल्ल्याचं, सांगलीत गणपती पेठेत. नेट असलेले सात क्यूब आहेत: मेल, रिटर्न, बँक, घरचं, दोन मोठ्या क्लायंटचे वेगवेगळे, आणि आलेल्या फायली उघडायला डिस्पोजेबल. सगळे एकाच डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टेम्प्लेटवर, ब्राउझर फायरफॉक्स.

पहिला मार्ग हाताचा, आणि तो वाईट नाही. ॲप क्यूबमधलं, म्हणजे डिस्पोजेबल नसलेल्या नेहमीच्या क्यूबमधलं, होम फोल्डर टिकतं, त्यामुळे एकदा घातलेलं एक्स्टेंशन तिथंच राहतं आणि आपलं आपण अपडेट होतं. एका क्यूबचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, म्हणजे क्यूब्सच्या मूळ विचाराला धरूनच. मी तीन वर्षं असंच केलं. युब्लॉकची सेटिंग एका क्यूबमध्ये नीट लावायची, बॅकअप फाइल काढायची, ती बाकीच्यांत कॉपी करून रिस्टोअर मारायची. नवा क्यूब काढला की पाच मिनिटांचं काम.

अडचण घालण्यात नाहीच. ती नंतर सुरू होते.

महिन्याची २० तारीख, जीएसटीचा ३बी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस, संध्याकाळचे साडेसहा. समोर हळदीचे एक व्यापारी बसलेले, त्यांच्यासाठी काढलेला नवा क्यूब उघडलेला. लॉगिनच्या पानावर कॅप्चाची चौकट रिकामी. रिफ्रेश केलं, रिकामी. ब्राउझर बंद करून उघडला, तरी रिकामी. व्यापारी म्हणाले, "साहेब, सर्व्हर डाउन आसंल." मीही मान डोलावली आणि चहा सांगितला. चहा येईपर्यंत सहज म्हणून रिटर्नच्या क्यूबमध्ये तेच पान उघडलं, तर कॅप्चा ठणठणीत. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बाहेरच्या डोमेनवरून येणाऱ्या स्क्रिप्ट अडवायचे माझेच कडक नियम होते, आणि त्यातून या साइटला मोकळीक दिली होती ती फक्त रिटर्नच्या क्यूबमध्ये, दोन महिन्यांपूर्वी. नव्या क्यूबमध्ये रिस्टोअर केलेली बॅकअप फाइल त्याच्याही आधीची.

रिटर्न वेळेत गेला. पण सात ठिकाणी सात वेगवेगळी युब्लॉक चालू आहेत आणि कुठं काय बदललंय हे मलाच माहीत नाही, ही गोष्ट काही केल्या पचेना. त्यात भर परवानग्यांची. एक्स्टेंशनच्या नव्या आवृत्तीनं जादा परवानगी मागितली की फायरफॉक्स अपडेट थांबवून आपल्याला विचारतो. तो सातही ठिकाणी विचारतो, आणि तिसऱ्या-चौथ्या क्यूबनंतर आपण न वाचताच हो म्हणायला लागतो. निदान माझं तरी तसंच झालं.

काही जण सगळं लावलेला एक क्यूब तयार ठेवतात आणि त्याचीच क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढत राहतात. हा मार्ग मला सुचवायचा नाही. फायरफॉक्स प्रत्येक प्रोफाइलमध्ये (ब्राउझरची सेटिंग आणि एक्स्टेंशन साठतात ते फोल्डर) प्रत्येक एक्स्टेंशनला एक वेगळा अंतर्गत क्रमांक देतो. प्रोफाइलच उचलून नेलं की तो क्रमांकही सगळीकडे तोच जातो. एखाद्या साइटपर्यंत तो पोचला, तर बँकेचा माणूस आणि घरचा माणूस एकच हे तिला जुळवता येईल. वेगळे क्यूब मग केले कशाला?

डेबियनच्या भांडारातलं युब्लॉकचं पॅकेज टेम्प्लेटमध्ये टाकणं हा त्याहून बरा उपाय. टेम्प्लेटसोबतच अपडेट होतं, सगळ्या क्यूबना एकदम मिळतं. पण डेबियनच्या स्टेबल, म्हणजे स्थिर आवृत्तीत युब्लॉकची आवृत्ती जुनी राहते, भांडारात एक्स्टेंशन मोजकीच, आणि सेटिंगचा प्रश्न तिथंच उरतो. एवढंच एक एक्स्टेंशन मूळ सेटिंगवर वापरत असाल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

मी शेवटी टेकलो तो पॉलिसी फाइलवर. फायरफॉक्स ६० पासून ही सोय आहे, मुळात कंपन्यांच्या आयटीवाल्यांसाठी. टेम्प्लेटमध्ये ईटीसी (/etc) या सिस्टिमच्या सेटिंगच्या फोल्डराखालच्या फायरफॉक्सच्या पॉलिसीज फोल्डरात पॉलिसीज डॉट जेसन (policies.json) नावाची फाइल ठेवायची. कुठलं एक्स्टेंशन हवं, कुठून घ्यायचं आणि ते सक्तीचं की बंद करता येण्याजोगं, एवढं त्यात लिहायचं. युब्लॉक तर स्वतःची सेटिंगही याच फाइलीतून उचलतं; विश्वासातल्या साइटची यादी मी तिथंच ठेवली. टेम्प्लेट बंद केलं, क्यूब पुन्हा चालू केले की सगळीकडे एकच यादी.

मला पटलेली गोष्ट अशी की टेम्प्लेटमध्ये ब्राउझर उघडायची गरजच पडत नाही. टेम्प्लेट नासलं तर सगळेच नासले, म्हणून त्याला नेट नसतं आणि नसावंच. इथं टेम्प्लेटमध्ये जाते ती नुसती मजकुराची फाइल. एक्स्टेंशन ज्याचा तो क्यूब आपल्या नेटवरून आणतो, आणि अंतर्गत क्रमांकही ज्याचा त्याचा.

खोड्या आहेतच. एक स्वल्पविराम चुकला की अख्खी फाइल बाद. पहिल्याच आठवड्यात माझे सातही क्यूब उघडेबोडके चालू झाले होते. फायरफॉक्समधल्या अबाउट पॉलिसीजच्या (about:policies) पानावर चूक दिसते, पण तिथं जाऊन बघायचं सुचलं तर. डिस्पोजेबलचं दुखणं निराळं: तो दरवेळी कोरा उठतो आणि एक्स्टेंशन नव्यानं उतरवतो. पावसाळ्यात आमचं नेट रडतं तेव्हा पहिली काही सेकंदं तो युब्लॉकशिवायच असतो. त्यावर मी एक्स्टेंशनची फाइल टेम्प्लेटमध्ये ठेवून पॉलिसीत तिचाच पत्ता दिलाय. टेम्प्लेटमध्ये ती नुसती पडून असते, ती अस्सल असल्याची सही तपासण्याचं काम क्यूबमधला फायरफॉक्स करतो. ती अधूनमधून हातानं बदलावी लागते. थोडक्यात, हातकाम पूर्ण सुटलेलं नाही, सात ठिकाणचं एका ठिकाणी आलं.

स्नेह्यांची शंका रास्त होती: सगळं एका फाइलीवर टांगणं धोक्याचं नाही का? असेल. पण २०१९ च्या ४ मे रोजी फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या याच सहीचं एक प्रमाणपत्र मुदतीबाहेर गेलं आणि जगभरच्या फायरफॉक्समधली एक्स्टेंशन बंद पडली. हातानं एकेक घातलेलीसुद्धा. एक खुंटी आधीपासून होतीच, मी दुसरी मारली. क्यूब दोन-तीनच असतील तर कदाचित याच शंकेपायी मी हातानंच घातली असती.

बँकेच्या क्यूबमध्ये मात्र मला एकही एक्स्टेंशन नको आहे, आणि टेम्प्लेट तर तेच. वेगळं टेम्प्लेट काढून दोन-दोन अपडेट करत बसायचा कंटाळा, म्हणून त्या क्यूबच्या आरसी डॉट लोकलमध्ये, म्हणजे क्यूब सुरू होताना आपोआप चालणाऱ्या फाइलीत, पॉलिसी फाइल पुसायची एक ओळ टाकली. क्यूबचा रूट, म्हणजे सिस्टिमचा भाग, दर बूटला टेम्प्लेटवरून नवा येतो, तशी फाइलही परत येते आणि ब्राउझर उघडायच्या आत पुसली जाते. बाकीच्या क्यूबमध्ये सेटिंगच्या पानावर 'हा ब्राउझर तुमची संस्था सांभाळते' अशा अर्थाची पाटी कायम दिसते. ऑफिसातल्या पोरानं विचारलं, "सर, आपली संस्था कुठली?" त्याला पॉलिसी फाइल उघडून दाखवली आणि स्वल्पविराम मोजायला बसवलं.