महूची वही की लंडनची नक्कल?

माझी पणजी 'गोऱ्या सोजिराची', म्हणजे इंग्रज शिपायाची मुलगी होती, एवढंच आजी सांगायची. तेही मेथी निवडता निवडता, मान वर न करता. तुमच्याही घरात अशी पणजी असेल आणि तिचा बाप शोधायचा असेल, तर वाटा दोन.

लंडनची वाट सोपी. पाद्र्यांनी वर पाठवलेल्या बाप्तिस्म्यांच्या नकला ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत: बंगाल एन/१, मद्रास एन/२, मुंबई एन/३. फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या वेबसाइटवर पैसे भरून पानं दिसतात, फॅमिलीसर्च या दुसरीवर सूची फुकट. एका रविवारी, घरात पोहे होईपर्यंत मला पणजी सापडली. साल १८७४.

बापाचा रकाना कोरा. त्याचं काही वाटलं नाही, अनौरस मुलांचा तो बहुधा कोराच असतो. चीड आली ती मधल्या नावाची. नुसतं 'एच' आणि टिंब! आया पुष्कळदा बापाचं आडनाव लेकराच्या मधल्या नावात घालून ठेवत. नेमकं तेच नक्कल करणाऱ्या कारकुनाने एका अक्षरात उरकलेलं. हॅरिस, हॉजेस, ह्यूज... तीन महिने मी हेच चघळत होतो.

दुसरी वाट चर्चमधल्या मूळ वहीची. तिच्यासाठी इंदूरहून महूच्या चर्चला चार चकरा झाल्या. एकदा चावीवाले अंकल गावाला गेलेले, एकदा धो धो पाऊस, एकदा 'पत्र घेऊन या'. चौथ्यांदा वही उघडली. कडा कसरीने खाल्लेल्या, शाई फिक्या चहासारखी. पण मधलं नाव पुरतं लिहिलेलं! शेजारी समासात पेन्सिलीने पलटणीचा नंबर. त्यावरून लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल अर्काइव्ह्जमधून, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी दप्तरखान्यातून, पलटणीच्या हजेरीपटाच्या प्रती मागवल्या. बाप्तिस्म्याच्या आदल्या वर्षी त्या आडनावाचा एकच माणूस महूत होता. आडनाव जुळलं म्हणजे बाप सापडला असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण नकलेवर बसलो असतो तर इथवरही आलो नसतो.

सगळ्या वह्या टिकल्या असतील असं नाही, तेव्हा तारखेपुरती सूची आधी बघाच. घराणं कॅथलिक असेल तर मात्र थेट चर्च गाठा. त्यांच्या लॅटिन नोंदीत धर्मपित्याचं, म्हणजे बाप्तिस्म्याला लेकराची जबाबदारी घेणाऱ्याचं, नाव असतं, आणि कधी कधी तो बापाचाच भाऊ किंवा दोस्त निघतो. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चच्या, छापील नमुन्यात त्याला रकानाच नाही.

भिंग न्या. फोनचा फ्लॅश बंद ठेवा, अंकल रागावतात.