इअरमफ, आठ महिन्यांनंतर: वॉर्डातल्या ट्यूबसकट

परवा उजव्या कानावरचं रेक्झिन उकललं आणि स्पंज बाहेर आला. एप्रिलमध्ये ९५० रुपये मोजले होते. सुटी गादी मिळत नाही, अख्खे नवे घ्या म्हणतात. याचा मला खरंच राग आहे.

कारखान्यात आवाज अडवायला कानांवर घालतात तेच हे, आवाज २७ डेसिबलने कमी करणारे. मी ऑटिस्टिक आहे, वय ३४. मे महिन्यात उदासीच्या उपचारासाठी जळगावातल्या एका मानसोपचार वॉर्डात १७ दिवस होतो. आत घेतानाच पट्टा, बुटांच्या नाड्या आणि हे इअरमफ काढून घेतले.

माझ्या खाटेच्या वर छताला जुनी चोकवाली ट्यूब होती, रात्रभर चालू. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ती चोक सेकंदाला १०० वेळा थरथरते. बाकीचे तिच्याखाली घोरत होते. मला वाटायचं, कुणीतरी दातांवर कानस घासतंय. चौथ्या रात्री मी बसून पुढेमागे डोलत राहिलो. डोललं की मी सावरतो. फाइलमध्ये ‘अस्वस्थ’ लिहिलं गेलं आणि इंजेक्शन मिळालं. नजरेला नजर देत नाही म्हणून ‘सहकार्य नाही’. गोळ्यांनी गुण आला, तो नाकारत नाही. पण त्रास कशाचा होतोय, हे तोवर कुणी विचारलं नव्हतं.

सहाव्या दिवशी इअरमफ परत मिळाले. ट्रॉलीचा खडखडाट गेला, कडीचा आवाज गेला, ट्यूबची घरघर मात्र तशीच. असे इअरमफ तीक्ष्ण आवाज चांगले अडवतात, खालच्या पट्टीतले फारसे नाही. मग मी चिडून परीक्षणात दोनच तारे दिले होते.

आज चार देतोय. दोष ट्यूबचा होता. इअरमफ परत मिळाले त्याच रात्री ड्युटीवरच्या मावशींनी विचारलं, “काय व्हयनं, भाऊ?” मी वर बोट दाखवलं. त्यांनी ट्यूब बंद केली, दाराजवळचा बारका दिवा ठेवला. सहा तास झोपलो.

आपल्यावर उपचार कसे व्हावेत, कसे होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवायचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे, कलम ५. घरी आल्यावर मी लिहून ठेवलं: ट्यूब बंद, इअरमफ माझ्याजवळ, डोलणं म्हणजे अस्वस्थपणा नव्हे. प्रतिनिधी म्हणून ताईचं नाव दिलं.

फाटलेल्या गादीवर ताईनेच आईच्या सुती लुगड्याचं कव्हर शिवलंय. उन्हाळ्यात रेक्झिनखाली कान भिजायचे, याच्याखाली तसे भिजणार नाहीत. एवढ्यात नवे घेत नाही.