घरपोच ‘पुरुष हार्मोन पॅकेज’, ठाणे-नवी मुंबई: चाचण्या ढीगभर, कामाच्या मोजक्या

चाळिशी ओलांडलेल्या माणसाची इच्छा मंदावली, दुपारी अंगात त्राण नाही आणि त्याने मोबाइलवर एकदा ‘टेस्टोस्टेरॉन’ शोधलं, की जाहिराती त्याची पाठ सोडत नाहीत. घोडबंदर रोडवर मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत आणि खाडीपलीकडे वाशी-नेरुळला घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबची पुरुषांसाठीची पॅकेजं मिळतात. लॅब कुठलीही असो, साचा बहुतेक एकच, म्हणून हे परीक्षण त्या साच्याचं. लोकलच्या डब्यातल्या ‘गुप्त कमजोरी’च्या चिठ्ठ्यांपेक्षा ही सेवा केव्हाही बरी. (अशा जाहिरातींवर १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. चिकटवणाऱ्यांपर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे.) पण पॅकेज जसं विकतात तसंच घेतलं, तर पैसे जातात आणि मूळ प्रश्न तिथेच राहतो.

आधी आकड्यांचा खेळ बघा. ‘साठ-सत्तर चाचण्या’ म्हणतात त्यातल्या वीसेक एकट्या सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) असतात. लिपिड, लिव्हर, किडनी यांतला प्रत्येक घटक आणि प्रत्येक गुणोत्तर वेगळं मोजलेलं. हार्मोनच्या नावाखाली मात्र बऱ्याचदा फक्त टोटल टेस्टोस्टेरॉन आणि थायरॉइड. एलएच (मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचं, वृषणाला हुकूम देणारं हार्मोन) नाही, प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचंच दुसरं हार्मोन) नाही, एसएचबीजी तर नाहीच. आणि खरं उत्तर याच तिघांत असतं. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच जास्त, तर बिघाड वृषणात. टेस्टोस्टेरॉन कमी असूनही एलएच कमी किंवा नुसतंच ‘नॉर्मल’, तर वरून, म्हणजे पिट्युटरीकडून हुकूमच सुटत नाहीये. मग प्रोलॅक्टिन बघावंच लागतं. एसएचबीजी हे रक्तात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं प्रथिन. पोट सुटलेल्या आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसात ते घटतं, त्यामुळे टोटलचा आकडा खाली दिसतो, पण मोकळं, कामाचं टेस्टोस्टेरॉन ठीक असू शकतं. आपल्याकडे पन्नाशीच्या पुरुषाची ठेवण बघता हा घोळ नेहमीचाच.

महागड्या पॅकेजमध्ये ‘फ्री टेस्टोस्टेरॉन’ असतं, पण बहुतेक वेळा थेट इम्युनोअसे (अँटिबॉडी वापरून मोजायच्या) पद्धतीचं. ती पद्धत भरवशाची नाही, एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनाही ती टाळायलाच सांगतात. त्याऐवजी टोटल, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन या तीन आकड्यांवरून मोकळं टेस्टोस्टेरॉन गणिताने काढता येतं. अल्ब्युमिन लिव्हरच्या पॅनेलमध्ये असतंच. पॅकेजचा तेवढा उपयोग कबूल.

सेवेची सगळ्यात कच्ची बाजू म्हणजे वेळ. टेस्टोस्टेरॉन पहाटे-सकाळी वर असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं. पोटात काही गेलं तरी उतरतं. म्हणून उपाशीपोटी, सात ते दहाच्या दरम्यान सॅम्पल हवं. बुकिंग करताना ‘सकाळी सहा ते बारा’ असा ऐसपैस स्लॉट देतात, मग सॅम्पल घेणारा घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकतो आणि साडेअकराला सुई टोचली जाते. तोवर चहा-बिस्किटं झालेली असतात. तो रिपोर्ट कमी आला, तरी त्यावरून काहीच ठरत नाही. पहिलाच स्लॉट मागा. मिळत नसेल तर पाचपाखाडी, नौपाड्यातल्या एखाद्या सेंटरवर स्वतः चालत जा. ऐरोली, घणसोलीला रात्रपाळी करणाऱ्यांनी घड्याळाची सकाळ धरू नये. सलग नीट झोप झाल्यावर, उठल्यापासून दोनेक तासांत रक्त द्यावं. ताप, डेंग्यू, नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर चाचणी पुढे ढकला. आजारपणात हा आकडा पडतोच.

नळ्यांकडेही लक्ष असू द्या. हार्मोनसाठी पिवळ्या किंवा लाल झाकणाची, सीबीसी आणि एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) साठी जांभळी, साखरेसाठी राखाडी. नावाचं लेबल तुमच्या समोर लागलं पाहिजे.

जी गोष्ट फोनवर कुणी विचारत नाही ती औषधांची. केस गळतात म्हणून घेतलेल्या गोळ्यांत बायोटिन असतं, ५ ते १० मिलिग्रॅमपर्यंतही. काही मशिनवर त्याने टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त आणि एलएच, टीएसएच (थायरॉइडची चाचणी), पीएसए (प्रोस्टेटची चाचणी) खोटं कमी दिसतं. दोन-तीन दिवस आधी ती गोळी बंद ठेवा. दुसरी गोष्ट ॲसिडिटीची. पॅन्टोप्राझोलसोबत डॉम्पेरिडोन किंवा रॅबेप्राझोलसोबत लेवोसल्पिराइड असलेल्या कॅप्सूल आपल्याकडे चणे-फुटाण्यासारख्या खाल्ल्या जातात. ही दोन्ही औषधं प्रोलॅक्टिन वाढवतात, आणि वाढलेलं प्रोलॅक्टिन इच्छाही मारतं, टेस्टोस्टेरॉनही खाली खेचतं. पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. कधी कधी सगळं दुखणं तिथेच सापडतं. ट्रामाडॉल हे वेदनाशामक, नैराश्यावरच्या काही गोळ्या, टकलावरचं फिनास्टेराइड हीही इच्छा मंदावू शकणाऱ्या औषधांच्या यादीतली. मात्र डॉक्टरांना न विचारता स्वतःहून बंद करायच्या या गोळ्या नव्हेत.

रिपोर्टवर येणारी ‘नॉर्मल रेंज’ लॅबगणिक बदलते, कारण मशीन बदलतं. ताळा म्हणून दोन आकडे पुरेत: १९ ते ३९ वयाच्या, लठ्ठ नसलेल्या पुरुषांसाठी २०१७ मध्ये ठरलेली पट्टी २६४ ते ९१६ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, आणि अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनची ३०० ची रेघ (त्याखाली ‘कमी’). पहिल्यांदा कमी आलेल्यांपैकी साधारण ३० टक्के पुरुषांचा आकडा पुन्हा तपासल्यावर नॉर्मल निघतो. म्हणून दुसऱ्या दिवशीचं, तसंच सकाळचं, उपाशीपोटीचं सॅम्पल हवंच, आणि तेही त्याच लॅबमध्ये. पॅकेजच्या किमतीत ही दुसरी चाचणी सहसा धरलेली नसते. साच्यातली मोठी खोट कुठली विचाराल तर हीच. एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचा) शिक्का बघताना तो तुमच्या त्याच चाचणीसाठी लागू आहे का हेही विचारा. मान्यता लॅबच्या नावाला नसते, चाचण्यांच्या यादीला असते.

रिपोर्टसोबत ‘मोफत कन्सल्टेशन’चा फोन येतो. त्याला दहापैकी दोन गुण. इच्छा कमी आहे की ताठरता येत नाही, हा फरक फोनवर क्वचितच विचारला जातो. ताठरतेची तक्रार असेल तर आधी साखर, रक्तदाब, हृदय बघायचं असतं, कारण शिश्नाच्या धमन्या बारीक, त्या हृदयाच्या धमन्यांआधी कुरकुरतात. बायको म्हणते घोरता, आणि सकाळी डोकं जड असतं, तर स्लीप स्टडी (झोपेत श्वास अडकतो का ते बघणारी चाचणी) पॅकेजपेक्षा जास्त सांगून जाते. फक्त झोप कमी झाली तरी फटका बसतो: २०११ च्या एका छोट्या प्रयोगात निरोगी तरुणांना आठवडाभर पाच तासच झोपू दिलं, तेव्हा त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं.

फोनचा शेवट सहसा बूस्टरच्या डबीने होतो. गोखरूच्या अर्काने माणसात टेस्टोस्टेरॉन वाढतं याला भरवशाचा आधार नाही. अश्वगंधेवर लहान चाचण्या झाल्या आहेत, काहींत थोडी वाढ दिसते. पण थायरॉइडवर परिणाम आणि क्वचित यकृताला इजा होते, त्यामुळे ‘आयुर्वेदिकच आहे, घेऊन टाका’ हे चालणार नाही. डबी नको म्हणून सांगा.

कुणी थेट इंजेक्शन किंवा जेल सुचवलं तर सावध. मूल हवं असेल तर हे औषध घ्यायचंच नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की वृषण शुक्राणू बनवणं कमी करतात किंवा थांबवतात. सुरू करण्याआधी हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) आणि पीएसए, मग तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेला तर थांबायचं. जेल लावलेली त्वचा बायको-मुलांना लागता कामा नये. हे काम एंडोक्रिनॉलॉजिस्टचं किंवा युरॉलॉजिस्टचं, चॅटवरच्या माणसाचं नाही. खिशाला खासगी फी जड जात असेल तर साखर, रक्तदाब आणि औषधांची छाननी कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीतही सुरू करता येते.

मग मागवायचं काय? पॅकेज नको, सुट्या चाचण्या सांगा: टोटल टेस्टोस्टेरॉन, एचबीए१सी, टीएसएच, सीबीसी, लिपिड. टेस्टोस्टेरॉन कमी आलं तर दुसऱ्या सकाळी तेच पुन्हा, सोबत एलएच, प्रोलॅक्टिन, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन. ‘पॅकेजच स्वस्त पडेल सर’ असं उत्तर येईल; तेव्हा एसएचबीजी त्यात आहे का, एवढंच विचारा.