जुनं मोटरहोम विकण्याआधी: टेंपरेचर गन की ओबीडी रीडर?

अमेरिकेत जुनं मोटरहोम (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) विकायला काढलं की गिऱ्हाईक हमखास विचारतं, "चढावर गरम होतं का?" तिथे डॅशबोर्डावरचा काटा दाखवून भागत नाही. त्या काळातल्या कित्येक गाड्यांत काटा एकदा मधोमध बसला की इंजिन वीस-तीस अंश जास्त तापलं तरी जागचा हलत नाही. म्हणजे आकडाच हवा, आणि तो मिळवायचे स्वस्त मार्ग दोन: टेंपरेचर गन, म्हणजे लांबून रोखली की पृष्ठभागाचं तापमान दाखवणारं हातातलं यंत्र, आणि ओबीडी रीडर, म्हणजे सॉकेटला जोडून गाडीच्या संगणकातले आकडे फोनवर दाखवणारं छोटं यंत्र.

आधी गाडीचं साल बघा. रीडर ज्याला जोडतात ती ओबीडी-२ पद्धत मोटारी आणि हलक्या ट्रकना १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीची झाली, पण मोटरहोमची चासी जड असल्यामुळे तो नियम तिला लागू झालाच असेल असं नाही. स्टिअरिंगखाली वाकून सोळा पिनांचं सॉकेट शोधा. फोर्डच्या जुन्या ४६० व्ही-८ इंजिनवाल्या गाडीत ते बहुधा सापडणार नाही. मग गनच घ्या, पुढचा घोळ नको.

सॉकेट असेल तर माझं मत रीडरला. कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान धावत्या गाडीत फोनवर दिसतं, आणि खरी परीक्षा तिथेच असते. ड्राइव्हवेत इंजिन सुरू ठेवून काढलेल्या आकड्याच्या फोटोला काडीची किंमत नाही. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला ग्रेपव्हाइनचा सहा टक्क्यांचा चढ आहे, तसा एखादा गाठा. वापराच्या पाण्याची टाकी भरलेली, एसी चालू, आणि आकडे वाचायला शेजारी कुणीतरी. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप, साधारण १९५ फॅरेनहाइटला (९० सेल्सिअस) उघडतो. चढावर २२० पर्यंत गेलं, फॅन घोंगावायला लागला आणि आकडा उतरला, तर चिंता नाही. उतरतच नसेल तर फॅन क्लच (फॅनला इंजिनशी जोडणारा भाग) किंवा रेडिएटर बघा. २३० ओलांडलं तर बाजूला घेऊन थांबा.

गन चालत्या गाडीत निरुपयोगी, पण दोष नेमका कुठे आहे ते तीच दाखवते. गरम रेडिएटरवरून ती हळूहळू फिरवा. मध्येच थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या तुंबल्यात. हे रीडरला कधीच कळणार नाही. शिवाय कूलंट कमी पडून सेन्सर उघडा राहिला तर रीडर खोटा आकडा दाखवतो. तेव्हा इंजिनच्या हेडवर (वरच्या धातूच्या भागावर) गन धरली की खरं कळतं. फक्त चकचकीत अॅल्युमिनियमवर ती कमी तापमान दाखवते. थर्मोस्टॅट हाउसिंगवर काळी, चमक नसलेली टेप लावून तिथे मोजा. पुढच्या दोन सीटमधलं इंजिनचं झाकण काढायचा कंटाळा करू नका.

दोन्ही मिळूनही मेकॅनिकच्या तासाभराच्या मजुरीपेक्षा स्वस्त पडतात. चाचणीआधी रेडिएटरची टोपी मात्र बदला, इंजिन पूर्ण गार असतानाच. जुनी टोपी दाब धरत नाही, आणि दाब नसला की कूलंट लवकर उकळतं.