फोरफ्लाइटचं सिंथेटिक व्हिजन: उतरताना कितपत कामाचं?
आयपॅडवर वैमानिकांच्या फोरफ्लाइट अ‍ॅपचं सिंथेटिक व्हिजन, म्हणजे समोरच्या जमिनीचं संगणकानं काढलेलं त्रिमितीय चित्र, दिसायला झकास. सेन्ट्रीसारखं एएचआरएस (विमानाचा कल मोजणारी यंत्रणा) असलेलं उपकरण जोडलं की विमानाचा कल दिसतो आणि फ्लाइट पाथ मार्करवरून आपण नेमके कुठे चाललोय ते कळतं. त्यात दिसणाऱ्या उंचीवर मात्र भिस्त ठेवू नका. जीपीएसची उंची ५० फूट चुकली, तर ३ अंशांच्या उतारावर टेकायची जागा साधारण ९५० फूट सरकते! नुसत्या वाय-फायच्या आयपॅडमध्ये तर जीपीएसच नसतं. त्यापेक्षा नॉटिकल मैलाला ३०० फूट खाली यायचं हा हिशोब बरा. ९० नॉट ग्राउंडस्पीडला (जमिनीच्या तुलनेतल्या वेगाला) मिनिटाला ४५० फूट. उन्हात आयपॅड तापून बंद पडू शकतो, तेही ऐन फायनलवर, म्हणजे धावपट्टीसमोरच्या शेवटच्या टप्प्यात. धावपट्टीशेजारच्या पापीचे (PAPI, उतार बरोबर आहे का ते दाखवणारे दिवे) दोन पांढरे, दोन लाल दिवे दिसले, म्हणजे उतार बरोबर आहे, की स्क्रीनकडे बघणं सोडाच.