लंडनचं पोस्टल म्युझियम: बाबांसोबत हलत्या फरशीवर

बाबा भुसावळच्या आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेतून टपाल नेणाऱ्या रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, सॉर्टर होते. नोकरीतली पहिली आठ-नऊ वर्षं त्यांनी रात्रीच्या नागपूर गाडीत, डब्यात उभं राहून टपालाचं सॉर्टिंग केलं. यंदा ते माझ्याकडे इंग्लंडला आले, तेव्हा सगळ्यात आधी त्यांना इथे न्यायचं हे मी ठरवूनच ठेवलं होतं.

फॅरिंग्डन स्टेशनवरून चालत गेलं की माउंट प्लेझंटला रस्त्याच्या एका बाजूला म्युझियम आणि समोरच्या बाजूला मेल रेल. एकाच तिकिटात दोन्ही होतं. बहुतेक लोक मेल रेलसाठी येतात. पॅडिंग्टन ते व्हाइटचॅपल अशी साडेसहा मैलांची, जमिनीखालून धावणारी, बिनड्रायव्हरची टपालगाडी. 1927 ला सुरू झाली, 2003 ला बंद. आता तिच्या बोगद्यातून बुटक्या डब्यात बसवून फिरवून आणतात. छान आहे, मुलांना तर फारच आवडेल. पण या गाडीत सॉर्टिंग होत नसे, ती नुसत्या बॅगा वाहायची. आमचा जीव अडकला तो फिरत्या पोस्टाच्या, म्हणजे धावत्या गाडीत टपाल सॉर्ट करणाऱ्या डब्याच्या भागात.

तिथे रेल्वेच्या डब्यासारखी जागा केली आहे. समोर खणांची मांडणी, हातात पाकिटं, आणि पायाखालची फरशी गाडीसारखी हलते. वेळ संपायच्या आत जमेल तेवढी पाकिटं योग्य खणात टाकायची. मी प्रयत्न केला. पहिल्याच हेलकाव्याला एका हाताने खण धरला आणि दुसऱ्या हातातली पाकिटं खाली. मग बाबा उभे राहिले. त्यांनी एकही पाकीट न उचलता आधी खणांवरची सगळी नावं एकदा वाचून काढली. पाय फाकवले, गुडघे जरा सैल सोडले. गठ्ठा डाव्या हातावर घेतला. डाव्या अंगठ्याने वरचं पाकीट पुढे सरकायचं, उजवा हात ते उचलून खणात टाकायचा, आणि नजर तोवर पुढच्या पत्त्यावर. फरशी हलत होती, कमरेच्या वर माणूस स्थिर होता. चाळीस वर्षांनी! बाजूची एक छोटी मुलगी स्वतःची पाकिटं विसरून त्यांच्याकडेच बघत राहिली.

मला लहानपणापासून वाटायचं की सॉर्टिंग म्हणजे पत्ता वाचून ठेवणं. त्या दिवशी बाकावर बसून बाबांनी नीट सांगितलं. गाव कुठे आहे याला महत्त्व नाही, त्याची बॅग कुठे उतरते ते डोक्यात पाहिजे. खामगाव म्हटलं की जलंब. अमरावती म्हटलं की बडनेरा. आर्वी म्हटलं की पुलगाव. स्टेशन यायच्या आत बंडल बांधून, बॅगेचं तोंड सुतळीने आवळून, लाखेचं सील मारून तयार हवं. जलंब मागे पडल्यावर खामगावचं पत्र हातात आलं तर ते पत्र एक दिवस उशिरा पोचणार, आणि ते सॉर्टरच्या मनाला लागायचं. 1972 मध्ये पिनकोड आला. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, मराठी. पण पुढे कित्येक वर्षं पाकिटावर पिन लिहिलेला नसायचाच, तेव्हा डोकंच चालवावं लागे.

इतिहासही मनापासून बघण्यासारखा. ब्रिटनमध्ये 1838 साली ग्रँड जंक्शन रेल्वेवर घोडे न्यायचा डबा बदलून त्यात पहिल्यांदा सॉर्टिंग झालं. आपल्याकडे 1863 मध्ये अलाहाबाद-कानपूर मार्गावर, म्हणजे फक्त पंचवीस वर्षांनी. ब्रिटनमध्ये गाडी न थांबवता रुळाकडेच्या जाळ्यात बॅगा सोडायची आणि खांबावरच्या बॅगा डब्याच्या जाळीत ओढून घ्यायची सोय होती, ती 1971 पर्यंत चालली. बाबांना ही युक्ती फार आवडली. त्यांच्याकडे बॅगा दारातून हातोहात, दोन मिनिटांच्या थांब्यात. 8 ऑगस्ट 1963 चा ब्रिटनमधला गाजलेला रेल्वे दरोडाही अशाच ग्लासगोहून लंडनला येणाऱ्या फिरत्या पोस्टावर पडला होता, 26 लाख पौंड गेले. शेवटचं फिरतं पोस्ट इथे जानेवारी 2004 मध्ये धावलं. बाबांचा डबा त्याच्या वीस वर्षं आधीच नुसत्या बॅगा वाहायला लागला होता.

घरच्या वडीलधाऱ्यांना नेणार असाल तर मेल रेलचे डबे फार बुटके आहेत, वाकून बसावं लागतं. गुडघे दुखत असतील तर वर डेपोतच बसून बघायचा कार्यक्रम असतो, तो विचारून घ्या. शाळांच्या सुट्ट्या टाळा, तिकीट आधी काढा, आणि अर्धा दिवस हातात ठेवा. आम्ही हलत्या फरशीवर तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी बाबांनी मला शेजारी उभं केलं आणि म्हणाले, "खण धरू नकोस. गुडघे सैल सोड."