वायफायच्या ‘सुरक्षा तपासणी’च्या नावाखाली आमच्या घरी झालेली फसवणूक

इंटरनेट कंपनीचा माणूस म्हणून कोणी न बोलावता दाराशी आला आणि घरातील वायफाय सुरक्षित करून देतो म्हणाला, तर त्याला राउटरला हात लावू देऊ नये, हे शक्य तितक्या लोकांपर्यंत पोहोचावे म्हणून हा अनुभव लिहीत आहे. घरचे वायफाय सुरक्षित ठेवणे आवश्यकच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु ते आवश्यक आहे हे सर्वांनी कुठे ना कुठे ऐकलेले असते आणि ते करायचे कसे हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आमची फसवणूक करणाऱ्याने नेमका याच गोष्टीचा फायदा घेतला.

आम्ही मुलुंड पूर्वेला एका जुन्या सोसायटीत राहतो. दुपारच्या वेळी घरी माझे सासू-सासरे दोघेच असतात. अशाच एका दुपारी गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, हातात टॅब घेतलेला एक तरुण आला. त्याने आमच्या इंटरनेट कंपनीचे नाव बरोबर सांगितले आणि सासऱ्यांना आडनावाने हाक मारली. कंपनीचे नाव जिन्यातील केबलच्या पेटीवरच्या स्टिकरवरून आणि आडनाव तळमजल्यावरच्या नामफलकावरून कोणालाही कळू शकते. पण दारात उभा असलेला माणूस या दोन्ही गोष्टी अचूक सांगतो, तेव्हा तो खरा वाटणे स्वाभाविक आहे. सरकारी नियमानुसार प्रत्येक घरातील वायफायची तपासणी करून प्रमाणपत्र घेणे आता सक्तीचे झाले आहे, असे त्याने सांगितले. आपल्या वायफायवरून कोणी धमकीचा ईमेल पाठवला तर पोलीस थेट ग्राहकाच्या घरी येतात आणि नवी मुंबईत असे पूर्वी घडलेले आहे, असेही तो म्हणाला.

सक्ती आणि प्रमाणपत्र या दोन्ही गोष्टी खोट्या होत्या. नवी मुंबईची घटना मात्र खरी होती आणि म्हणूनच सासऱ्यांचा विश्वास बसला. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना जो ईमेल आला, तो सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या असुरक्षित वायफायवरून पाठवला गेला होता. त्याचा स्फोटांशी संबंध नव्हता, तरीही त्याला दहशतवादविरोधी पथकाच्या चौकशीला तोंड द्यावे लागले. त्यानंतर ऑगस्टमध्ये माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या आणि सप्टेंबरमध्ये दिल्लीतील स्फोटांच्या वेळी चेंबूरमधील एका कंपनीच्या जाळ्याचा असाच वापर झाला. पुढे २००९च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी पासवर्ड नसलेली वायफाय जाळी शोधून काढण्याची मोहीमही जाहीर केली होती. त्या काळातील बातम्या ज्यांनी रोज वाचल्या आहेत, अशा ज्येष्ठ नागरिकांच्या मनात ही भीती खोलवर बसलेली आहे. मला सर्वांत जास्त संताप याच गोष्टीचा येतो की, त्या माणसाने एक खरा धोका सांगून दुसराच धोका आमच्या घरात आणून ठेवला.

त्याने राउटर उलटा करून खालच्या चिठ्ठीवरचे युजरनेम आणि पासवर्ड वाचले, टॅबवर काही वेळ काम केले, वायफायचा जुना पासवर्ड बदलून लांबलचक नवा पासवर्ड कागदावर लिहून दिला आणि जाळ्याचे नाव लपवून ठेवले. ‘आता तुमचे वायफाय बाहेरच्या कोणालाही दिसणार नाही’ असे सांगून, राउटरवर एक चमकदार स्टिकर चिकटवून, तो १,८०० रुपये रोख घेऊन गेला. संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा नवा पासवर्ड टाकून सर्व फोन जोडले आणि सर्व काही पूर्वीसारखे चालू झाले. पासवर्ड पूर्वीपेक्षा खरोखरच चांगला होता, त्यामुळे शंका घेण्यास वाव राहिला नाही.

या व्यवहारात आमचे नुकसान १,८०० रुपयांचे झाले असे कोणालाही वाटले असते. खरे नुकसान काही आठवड्यांनी झाले.

एके सकाळी सासरे संगणकावर नेहमीची एक साइट उघडत असताना तिच्याऐवजी आमच्या इंटरनेट कंपनीचे बोधचिन्ह असलेले एक पान उघडले. जोडणीची केवायसी अपूर्ण असून ती आजच पूर्ण न केल्यास सेवा बंद होईल आणि पडताळणीसाठी १० रुपये भरावेत, असे त्यावर लिहिले होते. त्यांनी सासूबाईंच्या फोनवर पाहिले, तर तिथेही तेच पान आले. दोन वेगवेगळ्या उपकरणांवर एकच सूचना दिसते आहे, म्हणजे ती कंपनीकडूनच आलेली असणार, असा त्यांनी केलेला विचार तर्काला धरूनच होता. त्यांनी कार्डाचा तपशील भरला, ओटीपी आला, तो भरला आणि खात्यातून १० रुपयांऐवजी ४८,७०० रुपये गेले. ओटीपीच्या संदेशात खरी रक्कम लिहिलेली असते, परंतु बहुतेक फोनवर संदेशाची पट्टी वरच्या वर सरकून जाते आणि डोळ्यांना फक्त सहा आकडे दिसतात. यापुढे ओटीपी भरण्यापूर्वी संपूर्ण संदेश उघडून रक्कम आणि ती कोणाला जाणार आहे ते नाव वाचावे, असा नियम आम्ही घरात केला आहे.

सासऱ्यांनी लगेच मला फोन केला, हे आमचे मोठे भाग्य. अनेक ज्येष्ठ माणसे संकोचाने दिवसभर काही बोलत नाहीत आणि तेवढ्या वेळात पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात जातात. आम्ही प्रथम बँकेत कळवून कार्ड बंद केले आणि पाठोपाठ १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. या क्रमांकावर नोंद झाली की ती संबंधित बँकांपर्यंत पोहोचते आणि पैसे ज्या खात्यात असतील तिथेच थोपवून धरण्याचा प्रयत्न होतो. त्यानंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तपशील भरून त्याची प्रत पोलीस ठाण्यात दिली. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः कार्डाचा तपशील किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंत झालेले नुकसान ग्राहकाचे धरले जाते. कळवल्यानंतर होणारे नुकसान मात्र बँकेला सोसावे लागते. म्हणून कळवल्याची वेळ लेखी स्वरूपात हाती असणे फार महत्त्वाचे आहे. आम्ही फोनवर मिळालेला तक्रार क्रमांक आणि बँकेला पाठवलेला ईमेल दोन्ही जपून ठेवले आहेत.

हे सर्व राउटरमुळे घडले, हे मात्र त्या दिवशी आमच्या लक्षात आले नव्हते. ऐरोलीत नेटवर्किंगचे काम करणाऱ्या माझ्या नणंदेच्या मुलाने संध्याकाळी येऊन एकच गोष्ट केली: त्याने फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तीच साइट उघडली. ती व्यवस्थित उघडली. वायफाय सुरू केल्यावर पुन्हा केवायसीचे पान आले. म्हणजे दोष साइटमध्ये नव्हता आणि फोनमध्येही नव्हता, तो आमच्या घरातील जाळ्यात होता. कोणतेही अनपेक्षित पान पैसे किंवा माहिती मागू लागले, तर ही चाचणी कोणालाही करता येते आणि तिला काही खर्च नाही.

आपण साइटचे नाव टाइप करतो, परंतु संगणकांना एकमेकांचे आकडी पत्ते लागतात. नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेला डीएनएस म्हणतात. हा पत्ता कोणाला विचारायचा हे घरातील सर्व फोन आणि संगणक साधारणपणे राउटरच्या सांगण्यावरून ठरवतात. त्या तरुणाने राउटरमध्ये त्या ठिकाणी परका पत्ता भरून ठेवला होता, त्यामुळे घरातील प्रत्येक उपकरण फसवणूक करणाऱ्यांच्या सर्व्हरला विचारत होते आणि तो सांगेल तिथे जात होते. शिवाय त्याने राउटरचा व्यवस्थापकीय पासवर्ड बदलला होता आणि बाहेरून राउटर हाताळण्याची सोय सुरू ठेवली होती, जेणेकरून हे पान कधी दाखवायचे ते त्याला दूर बसून ठरवता यावे. ही युक्ती नवीन नाही. ब्राझीलमध्ये २०११च्या सुमारास लाखो मोडेममधील डीएनएस अशाच प्रकारे बदलून लोकांना बनावट पानांवर नेण्यात आले होते, आणि तिथे तर कोणाला घरीही यावे लागले नव्हते. बँकांच्या साइट सुरक्षित जोडणीवर चालत असल्यामुळे अशा वेळी ब्राउझर सहसा धोक्याची सूचना देतो. त्यामुळे आमच्या बाबतीत बँकेचे नाव वापरण्याऐवजी इंटरनेट कंपनीच्या नावाचे साधे पान दाखवले गेले असावे. ब्राउझरने अशी सूचना दिली तर ‘तरीही पुढे जा’ हा पर्याय कधीही निवडू नये.

वायफायचा पासवर्ड आणि राउटरचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला स्वतःला या प्रकरणानंतर नीट समजले. पहिला सोसायटीच्या फाटकाच्या किल्लीसारखा आहे. दुसरा कार्यालयातील त्या कपाटाच्या किल्लीसारखा, ज्यात सर्वांचे कागद असतात. आपण पहिला बदलतो आणि दुसरा कंपनीने दिलेला तसाच, बहुधा ‘अॅडमिन’ या शब्दाचाच, राहू देतो.

भाच्याने सर्वप्रथम पुराव्यासाठी फोनमध्ये दिसणाऱ्या परक्या डीएनएस पत्त्याचे, त्या पानाचे आणि राउटरवरच्या स्टिकरचे फोटो काढले. व्यवस्थापकीय पासवर्ड बदललेला असल्याने राउटर मूळ स्थितीत आणण्यावाचून उपाय नव्हता. तसे करण्याआधी जोडणीचे युजरनेम आणि पासवर्ड कंपनीकडून मागवून घ्यावेत, कारण मागच्या बारीक छिद्रातील बटण दाबून धरल्यावर तेही पुसले जाऊ शकतात आणि इंटरनेट बंद पडते. आम्ही बिलावरच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन केला, तेव्हा कोणालाही तपासणीसाठी पाठवलेले नसल्याचे कंपनीने स्पष्ट केले.

पुढचे काम अर्ध्या तासाचे होते आणि ते कोणालाही घरबसल्या करता येते. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, टाकला की त्याचे पान उघडते. तिथे आम्ही व्यवस्थापकीय पासवर्ड बदलला, बाहेरून हाताळण्याची सोय बंद केली, राउटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत केले आणि डीएनएस कंपनीचाच असल्याची खात्री केली. सुरक्षेच्या प्रकारात डब्ल्यूपीए२ किंवा २०१८ साली आलेला डब्ल्यूपीए३ निवडावा. जुन्या राउटरवर अजूनही आढळणारा डब्ल्यूईपी हा प्रकार २००१ सालीच भेदला गेला आहे. बटण दाबून किंवा आठ अंकी पिन टाकून उपकरण जोडण्याची डब्ल्यूपीएस ही सोयही बंद ठेवावी, कारण त्यातील पिन दोन भागांत तपासली जात असल्यामुळे जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्नांत ती सापडू शकते, हे २०११ मध्ये सिद्ध झाले आहे. जाळ्याचे नाव लपवल्याने मात्र काहीही साधत नाही. साध्या मोफत साधनांनी ते दिसते.

वायफायच्या पासवर्डबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. आपल्याकडे घरातील कोणाचा तरी मोबाइल क्रमांकच पासवर्ड म्हणून ठेवण्याची सवय फार आहे. तो दहाच अंकांचा असतो आणि त्याचा पहिला अंक सहा ते नऊ यांपैकीच असतो, हे कोणालाही ठाऊक आहे. शेजारच्या इमारतीत बसून एखाद्याने फोन आणि राउटर जोडले जातानाचे संदेश टिपून घेतले, तर डब्ल्यूपीए२ वापरणाऱ्या जाळ्यासाठी असे सर्व क्रमांक ताडून पाहणे चांगल्या ग्राफिक्स कार्डाच्या संगणकाला काही तासांचे काम आहे. मुंबईत तर एका खोलीतून दहा-पंधरा घरांची वायफाय सहज दिसतात. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहिले, तर ते लक्षात राहतात आणि ताडता येत नाहीत. पाहुण्यांसाठी राउटरमध्ये वेगळे जाळे करता येते. आम्ही ते केले आहे आणि घरातील टीव्ही व कॅमेराही त्यावरच जोडले आहेत.

गेलेल्या रकमेतील १९,२०० रुपये दुसऱ्या एका खात्यात गोठवले गेले असून ते परत मिळवण्याची प्रक्रिया सुरू आहे. उरलेली रक्कम त्याआधीच एटीएममधून काढली गेली होती. तपास चालू असून सोसायटीच्या कॅमेऱ्यातील चित्रण आम्ही पोलिसांना दिले आहे. त्याच दुपारी तो तरुण आमच्या इमारतीत आणखी काही दारांवर गेला होता, हे त्या चित्रणात दिसले, म्हणून भाच्याने त्या सर्व घरांतील राउटर तपासले आणि त्यांपैकी एका घरात तोच डीएनएस पत्ता सापडला. त्या घरात एकट्या राहणाऱ्या आजींना केवायसीचे पान अजून दिसलेले नव्हते. आता इंटरनेटच्या कामासाठी येणाऱ्या कोणालाही फाटकावर रहिवाशाने केलेल्या तक्रारीचा क्रमांक विचारला जातो, आणि तो रहिवाशाकडून फोनवर पडताळून पाहिल्याशिवाय सुरक्षारक्षक त्याला वर सोडत नाहीत.